‘आमची टीम’च्या पानावर माझं काय लिहू?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्यांचं वय ३९. एका मोठ्या कोल्ड्रिंक कंपनीत बारा वर्षं डिस्ट्रिब्युशन सांभाळलं, म्हणजे डेपो, गोडाऊन, रूट प्लॅन, ट्रक, सगळंच. आठ महिन्यांपूर्वी पगारात बऱ्यापैकी कपात सोसून एका आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्थेत सप्लाय चेन मॅनेजर म्हणून लागले. आता वेबसाइटवरच्या ‘आमची टीम’ या पानासाठी १५० शब्दांत ओळख मागितलीय आणि तीन आठवडे झाले तरी ती लिहून होत नाहीये, कारण त्या पानावर बाकी सगळे डॉक्टर, एपिडेमिऑलॉजिस्ट (साथरोगांचे अभ्यासक) नाहीतर पीएचडी. एका मीटिंगमध्ये यांनी लसींच्या फोरकास्टवर, म्हणजे किती लसी लागतील त्या अंदाजावर, शंका काढली तर ‘हा टेक्निकल विषय आहे’ म्हणून गाडी पुढे गेली. जेवणाच्या सुट्टीत एक जण हसत हसत बोलला, ‘तुम्ही शुगर वाढवायची, आम्ही उतरवायची.’ त्यांचे प्रश्न तीन. ओळखीत जुन्या कंपनीचं नाव टाकू की नुसतं ‘खासगी क्षेत्रातला अनुभव’ म्हणून भागवू? नोकरी सांभाळून पब्लिक हेल्थची मास्टर्स करू का? आणि मुळात मी चुकीच्या जागी आलोय का?

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं आणि आधी चार-पाच संस्थांची ‘आमची टीम’ पानं उघडून बसले. तुम्ही म्हणताय ते खोटं नाही, नावामागे डिग्र्यांची शेपटं लागलेली, प्रत्येकाचा कुठल्यातरी साथीत काम केल्याचा फोटो, आणि फायनान्सवाला, खरेदीवाला, आयटीवाला एकतर पार तळाशी नाहीतर गायबच. मी तुमच्या जागी असते तर माझाही कर्सर तसाच लुकलुकत राहिला असता.

पण ते पान कोणासाठी असतं याचा विचार केलाय का कधी? ते पेशंटसाठी नसतं, तुमच्यासाठी तर नसतंच नसतं, ते असतं पैसे देणाऱ्यांसाठी. डोनरकडे प्रपोजल जातं तेव्हा मुख्य माणसांचे सीव्ही जोडावे लागतात, अमुक पदाला अमुक डिग्री आणि इतकी वर्षं अनुभव अशी अटच असते बऱ्याचदा, आणि दुसरीकडे अकाउंट्स, खरेदी, एचआर अशा माणसांच्या पगाराचा मोठा भाग ओव्हरहेडमध्ये, म्हणजे वरखर्चात, धरला जातो, जो जितका कमी दिसेल तितकी संस्था शहाणी समजली जाते. मग संस्था काय करणार, डॉक्टर पुढे आणि बाकीचे मागे. लग्नाच्या फोटोत स्वयंपाकघरातली माणसं नसतात तसं आहे हे. आणि तुम्ही तो फोटो बघून ठरवताय की लग्न फक्त पुढच्या रांगेनेच लावलं.

आता प्रत्यक्ष इतिहास बघा. डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स १९७१ मध्ये सुरू झाली ती डॉक्टर आणि पत्रकार यांनी मिळून. नावात डॉक्टर असलेल्या या संस्थेलाही पुढे औषधं, तंबू, पाण्याची सामग्री वेळेवर पोचवायला लॉजिस्टिक्सची वेगळी शाखा काढावी लागली, आणि तिचे लॉजिस्टिशियन लोक, म्हणजे जनरेटर, पाणी, गाड्या, वायरलेस बघणारे, हा आज त्या कामाचा कणा आहे. पार्टनर्स इन हेल्थ या गरिबांपर्यंत उपचार पोचवणाऱ्या संस्थेच्या १९८७ च्या संस्थापकांमध्ये पॉल फार्मर आणि जिम किम हे डॉक्टर होते हे सगळ्यांना माहीत, पण त्याच यादीत ओफेलिया डाल होत्या ज्या डॉक्टर नाहीत आणि ज्यांनी पुढे कितीतरी वर्षं संस्था चालवली, आणि टॉम व्हाइट होते जे बांधकाम कंत्राटदार होते. युनिसेफमध्ये १९८० च्या दशकात लसीकरण आणि ओआरएस यांचा जगभर धडाका लावणारे जेम्स ग्रँट कायदा शिकलेले. एड्स, टीबी, मलेरियासाठी पैसा पुरवणाऱ्या ग्लोबल फंडाचे २०१८ मध्ये प्रमुख झालेले पीटर सँड्स हे आधी बँकर. डब्ल्यूएचओचे (जागतिक आरोग्य संघटनेचे) प्रमुख टेड्रोस हे तर त्या खुर्चीवर बसलेले पहिलेच मेडिकल डॉक्टर नसलेले गृहस्थ.

एक मिनिट, ही यादी वाचून लगेच छाती फुगवू नका. यातले बरेचसे लोक वरच्या खुर्चीतले आहेत, आणि वरच्या माणसाला त्याचं बॅकग्राउंड कोणी विचारत नाही, उलट बँकर साहेब आले की ‘नवी दृष्टी आली’ म्हणतात. अडचण होते ती मधल्या पायरीवरच्या माणसाची, तुमच्यासारख्याची. म्हणून मी तुम्हाला मोठ्या नावांपेक्षा एका हिशेबनिसाची गोष्ट जरा सावकाश सांगते.

फझले हसन आबेद. लंडनमध्ये अकाउंटन्सी शिकले, नंतर चित्तगावला शेल कंपनीत अकाउंट्समध्ये मोठ्या पदावर. १९७२ मध्ये, बांगलादेश नुकताच स्वतंत्र झाल्यावर, त्यांनी ब्रॅक ही गोरगरिबांसाठी काम करणारी संस्था सुरू केली. त्या वेळी मुलं जुलाबाने मरत होती आणि उपाय तर माहीत होता, मीठ, गूळ आणि पाणी. १९७१ च्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ओआरएसची ताकद दाखवूनही दिली होती. म्हणजे डॉक्टरांचं काम झालं होतं! प्रश्न उरला होता तो वेगळाच, की हे लाखो घरांतल्या आयांना शिकवायचं कसं, आणि शिकवलं हे खरं की नुसतंच रजिस्टरमध्ये भरलं हे ओळखायचं कसं. १९८० पासून दहा वर्षं ब्रॅकच्या बायका दारोदार जाऊन शिकवत होत्या, १ कोटी २० लाखांच्या वर घरं झाली. आणि गंमत पुढे आहे, त्यांचा पगार किती घरं केली यावर ठरत नव्हता. नंतर दुसरा माणूस काही घरांत परत जाऊन आईला विचारायचा, मीठ किती, गूळ किती, पाणी किती, करून दाखव, आणि तिला जितकं आठवेल त्याप्रमाणे शिकवणारीला पैसे. आता मला सांगा, ही कल्पना मेडिकल कॉलेजात शिकवतात का? हा ऑडिट करणाऱ्याचा स्वभाव आहे. व्हाउचर आहे म्हणून खर्च झाला असं न मानणाऱ्या माणसाचा स्वभाव. ती पद्धत आबेद यांच्या डोक्यातून आली की टीममधल्या कोणाच्या यात मी पडत नाही, पण अशी पद्धत हिशेबनिसाने काढलेल्या संस्थेत रुजली याचं मला अजिबात नवल वाटत नाही.

तर मला बॅकग्राउंड म्हणजे हे अभिप्रेत आहे. कुठली चूक तुमच्या डोळ्याला बाकीच्यांच्या आधी दिसते? डिग्री त्याचं एक कारण असू शकते, बारा वर्षं डेपोत काढणं हेही असू शकतं. मीटिंगमध्ये तुम्हाला त्या फोरकास्टमध्ये काहीतरी खटकलं ना, ते का खटकलं हे पत्रात तुम्ही एका ओळीत उरकलंय आणि जेवणातल्या टोमण्यावर मात्र अर्धं पान घातलंय. मला उलटं हवं होतं.

आणि जरा त्या टोमण्याकडेही वळू. कोल्ड्रिंक कंपन्यांनी शुगर वाढवली हे काही खोटं नाही, त्यावर चिडून उपयोग नाही. पण त्याच कंपन्यांचा माल आडवळणाच्या गावात पोचतो आणि औषध पोचत नाही, ही गोष्ट आरोग्यवाल्यांना कित्येक वर्षं बोचत आलीय. म्हणूनच २०१० मध्ये टांझानियात ‘प्रोजेक्ट लास्ट माइल’ सुरू झालं, त्यात कोका-कोलाची डिस्ट्रिब्युशनची विद्या सरकारी औषध वितरणासाठी वापरायची असं ठरलं, ग्लोबल फंड वगैरे मंडळी सोबत. अजून एक झांबियातलं उदाहरण तर तुम्हाला फार आवडेल. कोलालाइफ नावाच्या छोट्या संस्थेने जुलाबाच्या औषधांचं पाकीट असं बनवलं की ते कोकच्या क्रेटमधल्या बाटल्यांच्या फटीत बसावं, डिझाइनचं कौतुक झालं, सगळीकडे फोटो आले. आणि प्रत्यक्षात? बहुतेक दुकानदारांनी ती पाकिटं क्रेटमध्ये घातलीच नाहीत, पिशवीतून, सायकलवरून, जमेल तशी नेली. चाललं ते फटीमुळे नाही, दुकानदाराला दोन पैसे सुटत होते आणि गिऱ्हाईक ते मागत होतं म्हणून चाललं. हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, नाही का? बाकीच्यांना ट्रायल करून कळलं (आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे सांगितलं, याचं मला जास्त कौतुक आहे).

आता दुसरी बाजू, कारण कंपनीतून आलेल्या काही जणांना मी जवळून पाहिलंय आणि त्यांच्यात एक रोग असतो, ‘या एनजीओवाल्यांना काम कसं करायचं तेच कळत नाही.’ तुमच्या पत्रात तो दोन ठिकाणी डोकावलाय, बघा परत वाचून. कमीपणा आणि हा तोरा, दोन्ही एकाच माणसात आरामात राहतात. म्हणून तुमच्या जुन्या धंद्यातलं काय इथे लागू पडत नाही तेही सांगते.

कोल्ड्रिंक जास्त गार झालं तर गिऱ्हाईक खूश. लसीचं तसं नाही. बऱ्याच लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात, आणि हिपॅटायटिस बी, धनुर्वात, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकच लस) अशा लसी गोठल्या की निकामी. वर पंचाईत अशी की बाटलीवरचं ते गोल-चौकोनाचं लेबल, व्हीव्हीएम, उष्णता लागली तर रंग बदलतं पण गोठल्याचं काहीच सांगत नाही. त्यासाठी नर्स शेक टेस्ट करते, मुद्दाम गोठवून वितळवलेली बाटली आणि संशय असलेली बाटली दोन्ही हलवून शेजारी ठेवायच्या आणि गाळ किती पटकन खाली बसतो ते बघायचं. ड्रायव्हरने काळजीपोटी बर्फ जास्त भरला तर तुमचा अख्खा माल गेला, आणि बाहेरून दिसणार काही नाही.

दुसरं, तुमच्याकडे दुकानात माल संपला तर विक्री बुडते, गिऱ्हाईक दुसरा ब्रँड घेतं. इथे टीबीच्या सहा महिन्यांच्या गोळ्या मध्येच तुटल्या तर पेशंट तर बिघडतोच पण जंतू औषधाला सरावतात, आणि मग तो आजार जास्त महागडा, जास्त हट्टी होऊन परत येतो. तिसरं म्हणजे रिपोर्टातलं शून्य. ‘या महिन्यात वापर शून्य’ असं दिसलं तर गरज नव्हती की औषधच नव्हतं? हा प्रश्न तुम्ही कंपनीतही विचारत असणार, पण इथे त्याचं उत्तर गोडाऊनमध्ये मिळत नाही, ओपीडीच्या रजिस्टरमध्ये मिळतं, आणि ते वाचायला तुम्हाला त्या ‘टेक्निकल’ माणसांची गरज आहे. तेव्हा हे सगळं शिका. लाज न बाळगता विचारा. आठ महिन्यांत तुम्ही किती वेळा एखाद्या दवाखान्यात नर्सबाईंच्या शेजारी अख्खा दिवस बसलात? पत्रात तर एकदाही उल्लेख नाही.

मीटिंगचं म्हणाल तर शंका काढायची पद्धत बदलून बघा. ‘फोरकास्ट जास्त वाटतोय’ म्हटलं की ते मताचं झालं, आणि मताला ‘तुम्ही टेक्निकल नाही’ हे उत्तर पुरतं. त्याऐवजी ‘या आकड्याने मागवलं तर अमुक महिन्यात अमुक डेपोच्या कोल्ड रूममध्ये जागा नाही, आणि या दोन बॅचेसची एक्सपायरी वापर होण्याआधीच येते’ असं कागदावर मांडा. याला कोणी टेक्निकल नाही म्हणून दाखवावं! आणि मीटिंगच्या आधी एपिडेमिऑलॉजिस्ट बाईंकडे एकट्याने जाऊन ‘हा आकडा कसा काढलाय मला समजावाल का’ असं विचारा. दहातल्या काही वेळा तुमचंच चुकलेलं असेल, ते चारचौघांत कळण्यापेक्षा असं कळलेलं बरं.

मास्टर्सचं. मी सरळच सांगते, आत्ता कर्ज काढून करू नका. हे सगळ्यांसाठी नाही हं, ज्यांना प्रोग्राम डिझाइन, संशोधन, साथींचा अभ्यास या बाजूला जायचंय त्यांना ती डिग्री लागतेच, तिथे अनुभवाने भागत नाही आणि भागावं असं मला वाटतही नाही. ज्यांना कंट्री डायरेक्टर व्हायचंय त्यांनाही डोनरच्या अटींमुळे उपयोग होतो. पण तुम्ही पत्रात कुठेच म्हणत नाही की मला या कामातून त्या कामात जायचंय. तुम्हाला डिग्री हवीय ती त्या पानावर नावामागे लावायला. त्यासाठी दोन-तीन वर्षांच्या रात्री फार महाग पडतील. शिवाय बाजार बघा. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, १ जुलै २०२५ पासून यूएसएआयडी या त्यांच्या सरकारी मदतसंस्थेचं कामच गुंडाळलं गेलं, आणि या क्षेत्रातली कितीतरी माणसं, उत्तम डिग्र्यांची, नोकऱ्या शोधतायत. अशा वेळी अजून एक डिग्री म्हणजे अजून एक विमा असं मुळीच नाही.

शिकायचंच असेल तर छोटं शिका. एपिडेमिऑलॉजीची तोंडओळख, लसीकरणाची सप्लाय चेन, फार्मास्युटिकल स्टोरेजचे नियम, डब्ल्यूएचओचे ऑनलाइन कोर्स फुकट असतात. डीएचआयएस-२ हे सॉफ्टवेअर नीट हाताळायला शिका, ओस्लो विद्यापीठातून सांभाळलं जातं आणि कितीतरी देशांची आरोग्याची आकडेवारी त्यावर चालते, ते वाचता येणारा सप्लाय चेनवाला म्हणजे दोन्ही बाजूंचा दुभाषा. आरोग्य क्षेत्रातल्या लॉजिस्टिक्सवाल्यांची स्वतःची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आयएपीएचएल, तिथे जा, तुमच्यासारखे ढिगाने भेटतील. वर्षभराने परत मास्टर्सची इच्छा राहिली तर दूरशिक्षणाने करा, लंडन स्कूल ऑफ हायजीनसारख्या ठिकाणीही ती सोय आहे, आणि आधी संस्थेला विचारा फी भरणार का. बऱ्याच जणांना हे विचारायचंच सुचत नाही.

राहिलं कंपनीचं नाव. टाका. लपवायचं नाही. ‘खासगी क्षेत्रातला अनुभव’ असं लिहिलं की वाचणारा दुसऱ्या मिनिटाला शोधून काढतो आणि मग प्रश्न कंपनीचा न राहता लपवाछपवीचा होतो. आरोग्य क्षेत्र या बाबतीत हळवं आहे आणि असायलाच हवं, तंबाखूबद्दल तर जागतिक कराराच्या ५.३ कलमातच लिहिलंय की धोरणं त्या उद्योगापासून लांब ठेवा, डब्ल्यूएचओ तर २००५ पासून सिगारेट ओढणाऱ्यांना नोकरीच देत नाही. कोल्ड्रिंकचं अजून तिथवर आलेलं नाही. तरी तुमची संस्था उद्या साखरेवरच्या करासाठी बोलणार असेल, २०१४ मध्ये मेक्सिकोने लावला तसा, तर त्या चर्चेतून स्वतः बाजूला व्हा आणि तसं आधी लेखी कळवा. जुन्या कंपनीचे शेअर्स, पेन्शन काही असेल तर तेही सांगून टाका. एकदा हे कागदावर आलं की जेवणातल्या टोमण्याला तुम्ही सुद्धा हसू शकता, ‘हो ना, आता उतरवायच्या बाजूला आलोय, गाडीत माल भरायला हात लावता का?’

ओळख मी तुमच्यासाठी थोडी लिहून देते, तुमच्या शब्दांत फिरवा: ‘बारा वर्षं अमुक शीतपेय कंपनीत डेपोपासून शेवटच्या दुकानापर्यंत माल पोचवायचं काम केलं. रस्ता पुरात गेला, ट्रक बंद पडला, मागणी अचानक दुप्पट झाली, अशा वेळी काय करायचं ते तिथे शिकलो. आता तेच लसी आणि औषधांसाठी करतो, फरक इतकाच की इथे माल उशिरा पोचून चालत नाही आणि गोठूनही चालत नाही. गोठलेली लस ओळखायला मला एका नर्सने शिकवलं.’ शेवटचं वाक्य मात्र खरं झाल्याशिवाय टाकू नका!

अजून एक, तुम्ही विचारलेलं नाही पण पत्र वाचल्यापासून डोक्यात घोळतंय. अली माओ मालिन हे नाव ऐकलंय? सोमालियातल्या मेर्का गावच्या हॉस्पिटलात स्वयंपाकी होता. १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला देवी आल्या आणि निसर्गातून देवी झालेला तो जगातला शेवटचा माणूस ठरला. लस त्याने टाळली होती, दंड दुखेल म्हणून. तो वाचला, आणि पुढे कित्येक वर्षांनी पोलिओच्या मोहिमेत घरोघर फिरायला लागला, जे आईबाप लस नको म्हणायचे त्यांना स्वतःची गोष्ट सांगायचा, की मी पण असाच घाबरलो होतो, बघा काय झालं. २०१३ मध्ये त्या कामावर असतानाच मलेरियाने गेला. आता याचं प्रोफेशनल बॅकग्राउंड काय लिहिणार, स्वयंपाकी? पेशंट? आणि त्या दारात उभं राहून तो जे बोलू शकत होता ते तुमच्या पानावरचा कुठला पीएचडी बोलू शकला असता?

हे मी तुम्हाला धीर द्यायला सांगत नाहीये. तुमच्या गाड्यांवरचे ड्रायव्हर, स्टोअरकीपर, दुभाषे, गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविका, यांच्यातला एक तरी त्या ‘आमची टीम’ पानावर आहे का? तुम्ही दाराबाहेर आहात असं तुम्हाला वाटतंय, पण तुम्हाला निदान १५० शब्द मागितलेत. तुमची ओळख पाठवाल त्याच ईमेलमध्ये विचारून बघा, की माझ्या टीममधल्या अजून सहा जणांची पाठवली तर चालेल का, त्यांची मी त्यांच्याशी बोलून लिहून देतो. काय उत्तर येतं ते मला कळवा, मला खरंच उत्सुकता आहे.